अंबाडीचा लाल चहा : आहार किती, औषध किती?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त आरोग्यविषयक काही बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा विषय शोधण्यासाठी आम्हांस फार दूर जावे लागले नाही. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या स्वयंपाकघरांत एक नवे पाकीट येऊन बसले आहे. त्यावर तांबड्याभडक फुलाचे चित्र असते, 'हिबिस्कस टी' असे भारदस्त नाव असते आणि आत काळपट लाल रंगाचे, चुरगळलेल्या पाकळ्यांसारखे काहीतरी असते. त्याने रक्तदाब उतरतो असे कुणी सांगतो, वजन उतरते असे कुणी, तर केस वाढतात असे आणखी कुणी. हे खरे काय आणि खोटे काय, अशी विचारणा आम्हांस इतक्या घरांतून झाली की, तिचे उत्तर एकदाच आणि सर्वांसमक्ष द्यावे हे बरे. आम्ही वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकविले, एवढाच आमचा अधिकार. तेव्हा वनस्पतीबद्दल आम्ही थोड्या विश्वासाने बोलू. शरीराबद्दल बोलताना मात्र जेथे शास्त्र थांबते तेथे आम्हीही थांबू.

प्रथम त्या पाकिटावरील चित्राविषयी. बहुतेक पाकिटांवर चित्र असते ते आपल्या जास्वंदीचे आणि आत असते ते जास्वंद नव्हेच! आत असतात ती लाल अंबाडीची सुकविलेली बोंडे. ही दोन्ही झाडे एकाच कुळातील. भेंडी आणि कापूस हेही त्याच कुळातले. जास्वंदीचे फूल आणि भेंडीचे फूल शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर हे नाते लहान मुलालाही ओळखता येईल. मधोमध वर आलेला तो केसरांचा दांडा दोहोंत सारखाच दिसतो. १७५३ साली लिनियसने वनस्पतींची जी मोठी नामावळी प्रसिद्ध केली, तीत जास्वंदीला हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस आणि लाल अंबाडीला हिबिस्कस सॅबडॅरिफा अशी नावे दिली. घराणे एक, म्हणून पहिले नाव एक. परंतु ही चुलत भावंडे आहेत, जुळी नव्हेत. आडनावावरून माणसाचा स्वभाव ठरत नाही, तसेच येथेही आहे.

लाल अंबाडीचे फूल पाहिले तर पाकिटावरील चित्राशी त्याचा काही संबंध जुळत नाही. ते फिकट पिवळे असते आणि त्याच्या पोटाशी गडद तांबडा डाग असतो. एका दिवसात ते मिटते व गळून पडते. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. फुलाच्या बुडाशी जे हिरवे-तांबडे आवरण असते, ज्याला शास्त्रीय परिभाषेत संवर्त म्हणतात, ते पाकळ्या गळल्यावर वाळून न जाता उलट वाढू लागते. ते मांसल, रसाळ आणि आंबट होत जाते आणि आतल्या हिरव्या बोंडाला तांबड्या मुठीसारखे कवटाळून बसते. ही मूठ तोडावयाची, आतले बियांचे बोंड काढून टाकावयाचे आणि वरचे लाल आवरण सावलीत वाळवावयाचे. जगभर 'हिबिस्कस टी' म्हणून विकले जाते ते हेच. म्हणजे त्यात पाकळी नाही आणि चहाचे पानही नाही. त्यामुळे त्यात कॅफीनही नसते. त्याला चहा म्हणावयाचे ते केवळ कपात ओततो म्हणून.

आता 'अंबाडी' हा शब्द उच्चारल्याबरोबर या सभागृहातील वडीलधाऱ्या मंडळींच्या चेहऱ्यावर जी ओळख उमटली, ती आमच्या नजरेतून सुटली नाही. अंबाडीची भाजी, तिच्यात घातलेल्या कण्या, वरून लसणीची चरचरीत फोडणी आणि सोबत ज्वारीची भाकरी, याची आठवण कोणास नाही? ऋषिपंचमीच्या भाजीत अंबाडीची पाने पडतात. विदर्भातील पुष्कळ घरांत महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आंबिलीबरोबर अंबाडीची भाजी लागते. तिकडे लाल बोंडांची चटणी होते आणि उन्हाळ्यासाठी ती वाळवून ठेवून त्यांचे सरबतही करतात. शेतकऱ्याला तर अंबाडी भाजीपेक्षाही वाखासाठी मोलाची. अंबाडीच्या काड्या पाण्यात कुजवून, त्यांवरचा वाख सोलून त्याचे दोर वळत. बैलांच्या वेसणीपासून विहिरीच्या सोंदुरापर्यंत घरचाच दोर असे. यात आणखी एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे. भाजीसाठी आणि वाखासाठी जी अंबाडी सर्रास पेरतात ती बहुधा हिबिस्कस कॅनाबिनस ही जात असते. तिच्या फुलाचे आवरण असे रसाळ होत नाही. पेयाला लागते ती लाल अंबाडी. सरकारी दप्तरांत मात्र या दोन्ही जाती 'मेस्ता' या एकाच नावाखाली येतात. १९४७ च्या फाळणीत तागाची बरीचशी शेते पलीकडे गेली आणि गिरण्या अलीकडे राहिल्या, तेव्हा तागाची तूट भरून काढण्यासाठी या मेस्त्याच्या लागवडीला देशभर उत्तेजन दिले गेले.

आमच्या तरुण श्रोत्यांस वाटेल की, हे सर्व तिकडचे झाले. या छोटा नागपूरच्या पठारावर, जेथे पोलादाच्या कारखान्यांनी आणि कोळशाच्या खाणींनी आपल्या वडिलांना आणून सोडले, तेथे अंबाडी कोठून यावयाची? येथेच खरी मौज आहे. थंडीच्या दिवसांत आपल्या गावाबाहेरच्या आठवड्याच्या हाटात आदिवासी बाया तांबड्या बोंडांच्या टोपल्या घेऊन बसतात. त्याला त्या 'कुदरुम' म्हणतात. लसूण आणि हिरवी मिरची घालून पाट्यावर वाटलेली कुदरुमची चटणी हा झारखंडातील घराघरांत हिवाळ्याचा नेम आहे. ते कुदरुम म्हणजेच आपली लाल अंबाडी. दारावरून ती टोपली जाते तेव्हा आपण तिच्याकडे पाहत नाही आणि तीच वस्तू परदेशी नाव लावून, कागदाच्या पुड्यांत बसून आली की दहापट पैसे मोजून घेतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

हे केवळ याच प्रांतापुरते नाही. आपले भाईबंद भारतात जेथे जेथे जाऊन राहिले आहेत, तेथे तेथे ही वनस्पती वेगळे नाव धारण करून शेजारी उभी आहे. छत्तीसगडात तिला अमारी म्हणतात. उत्तर कर्नाटकात ती पुंडी आहे. आंध्रात ती गोंगुरा आहे आणि तिच्या लोणच्यावाचून तेथले जेवण पुरे होत नाही. आसामात तिला टेंगामोरा म्हणतात व तिथली मंडळी माशाच्या आंबट कालवणात ती घालतात. मणिपुरात ती सौग्री आणि मिझोरामात आंथूर. परप्रांतात राहणाऱ्या माणसाला आपले गाव मागे राहिल्याची खंत असते. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मागे राहिले असे जे आपण समजतो, त्यातले काही केवळ नाव बदलून आपल्याआधीच येथे येऊन राहिलेले असते. ते ओळखण्यासाठी शेजारणीची भाषा मात्र शिकावी लागते.

आता थोडे जास्वंदीविषयी, कारण तिच्यावर अन्याय होता कामा नये. तांबडी जास्वंद गणपतीला प्रिय, हे आपण जाणतो. बंगाली शेजाऱ्यांकडे हीच 'जबा' कालीमातेच्या गळ्यात एकशे आठ फुलांच्या माळेने शोभते. संस्कृतात ती जपा. उगवत्या सूर्याच्या रंगाला आपल्या स्तोत्रकारांनी उपमा दिली ती याच फुलाची. निघंटूंत जपा ही केसांना हितकर व ग्राही म्हणून सांगितली आहे. खोबरेलात जास्वंदीची फुले उकळून केलेले तेल, पाने चुरून निघणाऱ्या बुळबुळीत रसाने केस धुण्याची चाल आणि उन्हाळ्यात केलेले पाकळ्यांचे सरबत किंवा गुलकंद, हे सर्व आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. बंगालमध्ये तर 'जबाकुसुम' हे केशतेल घरोघरी माहीत आहे. दक्षिणेत तमिळ मंडळी जिला सेंबरुत्ती म्हणतात आणि कानडी मंडळी दासवाळ, तीही हीच.

जास्वंदीच्या पाकळ्यांवर गरम पाणी ओतले तर मात्र अंबाडीसारखे लालचुटूक पेय मिळत नाही. पाण्याला जांभळट, थोडासा उदास रंग येतो. त्यात लिंबाचे चार थेंब पिळा, की क्षणात गुलाबी रंग उमलतो. सोड्याची चिमूट टाकली तर ते हिरवट होते. शाळेत विज्ञानाच्या तासाला आम्ल आणि अल्क ओळखण्यासाठी मुले हाच प्रयोग करतात. दोन्ही वनस्पतींतील रंग एकाच जातीच्या द्रव्यांचा. त्यांना अँथोसायनिन म्हणतात. जांभळाचा आणि कोकमाचा रंगही त्यांचाच. फरक इतकाच की, अंबाडी आपले आम्ल आपल्याबरोबर घेऊन येते आणि जास्वंदीला ते लिंबाकडून उसने घ्यावे लागते. घरी आलेल्या पुडीत काय आहे हे ओळखण्याची ही सोपी खूण आहे. पाणी प्रथमपासून लाल आणि चवीला चिंचेसारखे आंबट लागले, तर ती अंबाडी. यापुढे आम्ही जे सांगणार आहोत, विशेषतः रक्तदाबाविषयी, ते अंबाडीविषयी आहे. एकीचे गुण दुसरीच्या नावावर जमा करू नयेत.

या लाल पेयाचे मूळ घर आफ्रिका मानले जाते. सुदान आणि ईजिप्त या देशांत त्याला 'करकडे' म्हणतात. सुदानच्या कोर्दोफान भागातील कोरडवाहू शेतकरी त्याचे पीक काढतात आणि ईजिप्तमध्ये आस्वानकडचे करकडे नावाजलेले आहे. तेथे पाहुण्याला ते उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊन देतात. लग्नकार्यांतही त्याचाच मान. पश्चिमेस सेनेगालमध्ये पुदिना घालून केलेले 'बिस्साप', नायजेरियात आले-लवंग घातलेले 'झोबो', अशी त्याची नावे आणि रूपे बदलत जातात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ही वनस्पती कॅरिबियन बेटांत पोहोचली. जमैकात नाताळच्या दिवसांत 'सॉरेल' या नावाने आले घातलेले हे पेय घरोघर होते. मेक्सिकोत त्याला जमैकाचे नाव चिकटले आणि 'आग्वा दे हामाइका' म्हणून ते रोजच्या जेवणाबरोबर येऊ लागले. इराणात त्याला 'चाय-ए-तोर्श', म्हणजे आंबट चहा म्हणतात. थाई भाषेत तर भेंडीला आणि अंबाडीला मूळ नाव एकच आहे; एक हिरवी आणि दुसरी लाल, इतकाच भेद. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे जे नाते शोधले, ते थाई गृहिणीला बोलण्यातूनच ठाऊक होते.

एवढा फेरफटका आम्ही घडविला तो ज्ञानप्रदर्शनासाठी नव्हे. या सर्व देशांत एक गोष्ट सारखी आहे. हे पेय तेथे प्रथम तहानेसाठी, उन्हासाठी आणि पाहुण्यासाठी आहे. ते पंक्तीत बसते. औषधाच्या कपाटात ते क्वचितच जाते. ज्या वस्तूचा जन्म माजघरात झाला, तिला दवाखान्यात नेऊन बसविले ते अलीकडच्या व्यापाराने.

आपल्या आयुर्वेदात वनस्पतीचा गुण पाण्यात उतरविण्याचे प्रकार नीट वेगळे करून सांगितले आहेत. उकळून आटवितात तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. कढत पाणी ओतून, काही वेळ झाकून ठेवून गाळतात तो फांट. थंड पाण्यात रात्रभर भिजत घालून सकाळी गाळतात तो हिम. शार्ङ्गधरसंहितेत या कृती प्रमाणांसह दिलेल्या आहेत. या हिशेबाने पाहिले तर अंबाडीचा 'चहा' हा फांट होय आणि उन्हाळ्यात करावयाचे सरबत हा हिम. हा भेद केवळ नावापुरता नाही. लाल बोंडे खळखळा उकळत ठेविली तर रंग काळवंडतो आणि चव तुरट होते. म्हणून त्यांचा काढा करू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या पेयाने रक्तदाब उतरतो काय?

याचा शोध शास्त्रज्ञांनी घेतला आहे आणि तो पोकळ निघालेला नाही. इराणात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५४ रुग्णांपैकी ३१ जणांना हा आंबट चहा देण्यात आला. बारा दिवसांत त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे ११ टक्क्यांनी खाली आला. मात्र चहा बंद केल्यावर तीनच दिवसांत तो पुन्हा चढू लागला. मेक्सिकोत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० ग्रॅम सुक्या बोंडांचा अर्धा लिटर फांट रोज चार आठवडे दिला गेला आणि कॅप्टोप्रिल या औषधाच्या लहान मात्रेशी त्याची तुलना झाली. दोहोंचा परिणाम जवळपास सारखा आढळला. परंतु त्याच संशोधकांनी पुढे २००७ साली लिसिनोप्रिल या औषधाशी तुलना केली, तेव्हा अंबाडीचा अर्क मागे पडला. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ माणसे होती. त्यांपैकी काहींना रोज तीन कप अंबाडीचा चहा आणि बाकीच्यांना तशाच रंगाचे व चवीचे पाणी सहा आठवडे देण्यात आले. पहिल्या गटाचा वरचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७ मिलिमीटरांनी उतरला, दुसऱ्याचा १ मिलिमीटरच्या थोडा वर.

सात मिलिमीटर म्हणजे थोडे नव्हे. परंतु या अभ्यासातील माणसे रक्तदाबाची कोणतीही औषधे घेत नव्हती. त्यांचा दाब किंचित वाढलेला होता, इतकेच. ज्यांना वर्षानुवर्षे गोळी लागते, त्यांनी गोळी सोडून हा चहा घ्यावा असे या अभ्यासात कोठेही म्हटलेले नाही. जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तोलून पाहणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिच्या २०२१ च्या समीक्षेचा निष्कर्ष असा की, उपलब्ध पुरावा इतका तुटपुंजा आहे की त्यावरून ठाम मत देता येत नाही. याचा अर्थ अंबाडी निरुपयोगी आहे असा नव्हे. कोर्टात 'सिद्ध झाले नाही' म्हणतात त्याप्रमाणे हा निकाल आहे. आशा बाळगावी, पण आशेवर औषध सोडू नये.

हे इतके निक्षून सांगण्याचे कारण घडले आहे, म्हणून सांगतो. आपल्या वसाहतीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांना त्यांच्या मुलाने पुण्याहून या चहाची पाकिटे पाठविली. मुलगा दूर, आईवडील येथे दोघेच. पाठविण्यामागे माया होती. चहा घेऊ लागल्यावर गृहस्थांना बरे वाटू लागले. बरे वाटते म्हणून त्यांनी गोळ्या एक दिवसाआड केल्या आणि पुढे बंद केल्या. हे त्यांनी पत्नीलाही सांगितले नाही आणि डॉक्टरांनाही नाही. चारएक महिन्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी दाब मोजला, तो १९० च्या वर निघाला. शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. दैव बरे म्हणून एवढ्यावर निभावले. रक्तदाब हा असा रोग आहे की, तो दुखत नाही. म्हणून 'बरे वाटते' ही त्याची परीक्षा होऊच शकत नाही. त्याची परीक्षा यंत्रावरच. आणि ज्या घरांत म्हातारी माणसे दोघेच राहतात, तेथे एखादी गोळी बंद झाली हे पाहणारे तिसरे डोळे नसतात. परमुलखातील आपल्यासारख्या मंडळींना हा धोका अधिक. आम्ही आज येथे उभे आहोत ते प्रामुख्याने हे एक वाक्य सांगण्यासाठी: चहा घ्या, पण गोळी सोडू नका, आणि चहा नेमाने घेत असाल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी आणि चहा दोन्ही मिळून दाब प्रमाणाबाहेर उतरू शकतो, म्हणूनही हे सांगणे अगत्याचे आहे.

आणखी काही पथ्ये आहेत. गर्भवती स्त्रियांनी हे पेय औषध म्हणून किंवा नेमाने घेऊ नये. जास्वंदीच्या फुलांचा गर्भधारणेवर विपरीत परिणाम होतो असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. अंबाडीविषयीही मातांसाठी ती निर्धोक आहे असा पुरेसा पुरावा नाही. ज्यांचा दाब मुळातच कमी असतो, त्यांनी जपून घ्यावे. मूतखड्याची खोड असलेल्यांनी अंबाडीची भाजी आणि चहा दोहोंबद्दल डॉक्टरांना विचारावे, कारण पानांत ऑक्झॅलिक आम्ल असते. पेय आंबट असल्यामुळे दिवसभर घोट घोट घेत राहिल्याने दातांची झीज होते. प्याल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. मधुमेहींनी साखरेचा हिशेब विसरू नये. आंबटपणा मारण्यासाठी कपात दोन-तीन चमचे साखर घातली, तर एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले असे होते.

एक पथ्य तर खास आपल्या मुलखासाठी आहे. हिवतापाचे आपले नाते जुने आहे. त्याच्या एका प्रकारावर आजही क्लोरोक्विनच्या गोळ्या दिल्या जातात. सुदानमध्ये करकडे आणि हिवताप दोन्ही घरचेच. तेथील संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिले की, क्लोरोक्विनबरोबर करकडे, चिंचेचे पाणी किंवा लिंबाचे सरबत घेतल्यास रक्तात औषध कमी उतरते. तेव्हा हिवतापाच्या गोळ्या चालू असताना अंबाडीचा चहा नको आणि चिंचेचे सारही नको. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. अनुपान चुकले तर औषध वाया जाते, हे आपल्या वैद्यांचे म्हणणे येथे आधुनिक प्रयोगशाळेने उचलून धरले आहे.

आता भगिनींच्या सोयीसाठी कृती सांगतो. हाटातून कुदरुमची ताजी बोंडे आणावीत. ती धुऊन, देठाकडे सुरीने गोल चिरून आतले हिरवे बोंड ढकलून काढावे. लाल आवरणे सुपात पसरून, वर पातळ फडके घालून सावलीत वाळवावीत. कुरकुरीत झाली म्हणजे काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवावीत. दमट हवेत बुरशी चटकन येते. एका कपाला दोन-तीन बोंडांची आवरणे पुरेत. उकळी आलेले पाणी त्यांवर ओतून पाच-सहा मिनिटे झाकून ठेवावे आणि गाळावे. आल्याचा तुकडा किंवा वेलदोडा चवीपुरता. सरबत करावयाचे असल्यास रात्री माठातल्या पाण्यात भिजत घालावे आणि सकाळी गाळून गूळ व चिमूटभर मीठ घालावे. भांडे मात्र काचेचे, चिनी मातीचे किंवा स्टीलचे घ्यावे. बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकते हे आजीला ठाऊक होते. ॲल्युमिनिअमच्या पातेल्यातही हे पेय ठेवू नये. दिवसाला एक-दोन कप पुष्कळ झाले. अति तेथे माती, हा नियम आरोग्यालाही लागू आहे.

ताजी बोंडे उरलीच तर चटणी वाटावी. साखर घालून शिजविल्यास त्यांचा मुरंबाही चांगला आळतो, कारण पेक्टिन त्यांत अंगचेच असते. ज्यांच्या क्वार्टरमागे हातभर जागा आहे त्यांनी पावसाळ्याच्या सुरुवातीला चार बिया टोचाव्यात. हे झाड फारशी निगा मागत नाही. दिवस लहान होऊ लागले की आपोआप फुलते आणि कार्तिक-मार्गशीर्षात लाल बोंडांनी भरून जाते. बाजारातले पाकीट किती जुने आणि त्यात काय मिसळले आहे, ही चिंता मग उरत नाही.

शेवटी मंडळापुढे एक छोटी सूचना ठेवितो. आपल्या मंडळाचे संक्रांतीचे हळदीकुंकू या मुलखात नावाजलेले आहे आणि नेमके त्याच सुमारास हाटात कुदरुम भरपूर असते. यंदा प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी वाळविलेल्या अंबाडीची आणि तिच्या बियांची पुडी वाण म्हणून लुटावी. तिच्यावर अंबाडी आणि कुदरुम अशी दोन्ही नावे लिहावीत, म्हणजे येथे जन्मलेल्या आपल्या सुनांना आणि नातवंडांना ती दोन्ही बाजूंनी ओळखता येईल. बोंडे हाटातल्या बायांकडून त्यांनी मागितलेल्या भावाने घ्यावीत. पाकिटाला जे देतो त्याच्या पावपटही ते होणार नाहीत. त्याच दिवशी सभागृहाच्या एका कोपऱ्यात रक्तदाब मोजण्याची सोय करावी आणि प्रत्येकीने आपला आकडा व घरच्या गोळ्यांची नावे एका चिठ्ठीवर लिहून नेऊन स्वयंपाकघरात, त्या बरणीशेजारीच, चिकटवावीत. बरणीकडे हात जाईल तेव्हा गोळीची आठवण होईल.